क्रिएटिन व्यायामाआधी घ्यायचे की नंतर? पेडणे-डिचोलीच्या जिममधला रोजचा प्रश्न

पेडण्यात, डिचोलीत, साखळीत किंवा पलीकडे दोडामार्ग-बांद्यात, संध्याकाळी सातच्या सुमाराला जिममध्ये डोकावलात तर एक दृश्य हमखास दिसते. कामावरून थेट आलेला एखादा मुलगा बॅगेतून छोटी डबी काढतो, त्यातली पांढरी पावडर पाण्याच्या बाटलीत घालून हलवतो आणि घड्याळाकडे बघतो. ‘सेट सुरू करायच्या आधी अर्धा तास घ्यायची,’ असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. शेजारचा म्हणतो, ‘नाही रे, नंतर. शेवटच्या सेटनंतर पंधरा मिनिटांत गेली पाहिजे, नाहीतर फुकट.’ आणि घरी आईचे तिसरेच: ‘बाबा रे, ती पावडर नको, किडनी जातली तुझी!’

ही पावडर म्हणजे क्रिएटिन. व्यायाम करणाऱ्या तरुणांमध्ये प्रोटीन पावडरच्या खालोखाल हिचेच नाव घेतले जाते. पैसे आपले, शरीर आपले, आणि सल्ला मात्र मोबाईलवरच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओतून. म्हणून वेळेचा प्रश्न नीट समजून घेऊ. त्याच्याबरोबर किडनीचा, पैशांचा आणि नकली डब्यांचाही.

आधी थोडक्यात उत्तर

क्रिएटिन व्यायामाआधी घेतले काय किंवा नंतर घेतले काय, तरुण आणि निरोगी माणसाला त्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो रोज घेण्याने. ३ ते ५ ग्रॅम, रोज, जिमला सुट्टी असली तरी. घड्याळ बघून धावपळ करायची गरज नाही. आता हे असे का, ते बघू.

क्रिएटिन म्हणजे नेमके काय?

हे स्टेरॉइड नाही, हार्मोन नाही. १८३२ मध्ये शेव्रुल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते मांसातून वेगळे केले आणि मांसासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव दिले. आपले शरीर स्वतःच यकृत, किडनी आणि स्वादुपिंडात दिवसाला साधारण १ ग्रॅम क्रिएटिन तयार करते. मासे आणि मांस खाणाऱ्याला आणखी सुमारे १ ग्रॅम जेवणातून मिळते. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सगळे मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास क्रिएटिन असते आणि त्यातले ९५ टक्के स्नायूंमध्ये असते.

त्याचे काम काय? स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते ‘एटीपी’ नावाचे इंधन जाळतात. हे इंधन स्नायूत फार थोडे साठलेले असते, पूर्ण जोर लावला तर काही सेकंदांत संपेल इतकेच. तेव्हा स्नायूतले क्रिएटिन, जे फॉस्फेटला चिकटून बसलेले असते, ते आपला फॉस्फेट देऊन जळालेले इंधन परत तयार करते. जड बारबेल उचलण्याचे पहिले आठ-दहा सेकंद, १०० मीटरची धाव, कबड्डीत पकड सोडवताना मारलेला झटका, अशा कामांत हीच यंत्रणा चालते.

स्नायूत क्रिएटिनचा साठा जास्त असला की सेटमध्ये एखाददुसरे रेप जास्त निघते, दोन सेटच्या मध्ये दम लवकर भरून येतो. महिने-दोन महिने असे जास्तीचे रेप मारले की ताकद वाढते. म्हणजे क्रिएटिन स्वतः स्नायू बांधत नाही, ते तुम्हाला थोडा जास्त व्यायाम करू देते. व्यायामच नसेल तर पावडर घेऊन फक्त थोडे पाणी वाढते.

तिळारीचे धरण आणि स्नायूंची टाकी

वेळेचा प्रश्न कळायला आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. दोडामार्ग तालुक्यातल्या तिळारी धरणाचे पाणी कालव्याने डिचोली, पेडणे आणि बार्देशकडे येते. पेडण्याच्या चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पालाही ते मिळते. धरण भरते ते पावसाळाभर पडलेल्या पावसाने. त्यातला पाऊस सकाळी पडला की रात्री, हे ऑक्टोबरमध्ये कोणी विचारत नाही. धरण भरले का, एवढेच विचारतात.

स्नायूंचे तसेच आहे. ५ ग्रॅम पावडर प्यायल्यावर एक-दोन तासांत रक्तातले क्रिएटिन वर जाते आणि पुढच्या काही तासांत परत खाली येते. पण रक्तातले क्रिएटिन बारबेल उचलत नाही. उचलतो तो स्नायूतला साठा, आणि तो साठा एका डोसाने भरत नाही. रोज ३ ग्रॅम घेतले तर भरायला सुमारे चार आठवडे लागतात.

म्हणून आज सहा वाजता प्यायलेली पावडर सात वाजताच्या स्क्वॉटला कामी येते, ही समजूतच चुकीची आहे. आज तुम्ही जो जोर लावता, त्यामागे गेल्या महिन्याभराच्या डोसांचा साठा असतो.

आता कालवा फुटला की काय होते? चांदेलच्या पट्ट्यातल्या लोकांना हा अनुभव चांगलाच आहे. नळ कोरडे पडतात, पण घरावरची टाकी भरलेली असेल तर एक-दोन दिवस भागते. क्रिएटिनची टाकी त्याहून मोठी आहे. साठ्यातले दिवसाला फक्त १ ते २ टक्के क्रिएटिन खर्च होते. घेणे पूर्ण बंद केले तरी साठा मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे जातात. मग एखाद्या दिवशी डबी घरी राहिली, जत्रेला गेलात, लग्नात अडकलात, तर काहीही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीचाच डोस घ्यायचा. काल राहिला म्हणून आज दुप्पट घ्यायचा नाही.

मग ‘नंतर घे’ हे आले कुठून?

हे कोणी हवेतून काढलेले नाही. १९९२ मध्ये स्वीडनमध्ये हॅरिस, सॉडरलुंड आणि हल्टमन या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्रिएटिन घेतल्याने स्नायूतला साठा वाढतो, हे त्यात पहिल्यांदा नीट दिसले. त्यांनी काही जणांना एकाच पायाने सायकल चालवायला लावली. ज्या पायाने व्यायाम केला, त्या पायाच्या स्नायूत दुसऱ्या पायापेक्षा जास्त क्रिएटिन गेले.

यावरून तर्क निघाला की व्यायाम झालेल्या स्नायूकडे रक्त जास्त जाते, तो जास्त ओढून घेतो, मग व्यायामाच्या आसपास घेतलेले बरे. तर्क चुकीचा नाही. प्रश्न एवढाच, की त्याने शेवटी ताकदीत आणि स्नायूत किती फरक पडतो?

२०१३ मध्ये अमेरिकेत हा प्रश्न थेट तपासला गेला. नियमित व्यायाम करणाऱ्या १९ तरुणांना दोन गटांत विभागले. एका गटाने व्यायामाआधी ५ ग्रॅम घेतले, दुसऱ्याने व्यायामानंतर ५ ग्रॅम. चार आठवड्यांनी ‘नंतर’वाल्यांचे चरबीविरहित वजन सरासरी २ किलोने वाढले होते, ‘आधी’वाल्यांचे ०.९ किलोने. झाले! हाच आकडा जगभर फिरला आणि फिरत फिरत आपल्या जिममध्ये आला.

पण तो आकडा सांगणारे पुढचे सांगत नाहीत. माणसे फक्त १९ होती, काळ फक्त चार आठवडे होता. सगळ्यांचे वजन सारखे वाढले नव्हते, माणसामाणसांत बराच फरक होता. इतक्या थोड्या लोकांत एवढा फरक योगायोगानेही येतो. नेहमीच्या सांख्यिकी चाचणीने बघितले तर दोन गटांत ठाम फरक सिद्ध झाला नाही. बेंच प्रेसमधली वाढ तर दोन्हीकडे जवळपास सारखीच होती.

पुढे २०१५ मध्ये कॅनडात पन्नाशीच्या पुढच्या लोकांवर ३२ आठवड्यांचा अभ्यास झाला. क्रिएटिन घेतलेल्या दोन्ही गटांची ताकद क्रिएटिन न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. पण ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यात निर्णायक फरक तिथेही निघाला नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये या सगळ्या अभ्यासांचे आढावे प्रसिद्ध झाले. त्यांचा सूर एकच: ठराविक वेळच चांगली असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

तेव्हा कोणी ‘नंतर’ घेत असेल तर घेऊ दे, वाईट काही नाही. पण पंधरा मिनिटांचा उशीर झाला म्हणून पावडर ‘फुकट’ गेली, असे अजिबात नाही.

शिफ्टवाल्यांनी काय करावे?

आपल्या भागात हा प्रश्न खराच महत्त्वाचा आहे. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, आणि पेडणे तालुक्यातल्या कितीतरी मुलामुलींच्या आयुष्यात रात्रपाळी आली. डिचोलीची औद्योगिक वसाहत, किनारपट्टीवरची हॉटेले, औषध कंपन्या, सगळीकडे शिफ्ट. पत्रादेवी किंवा दोडामार्गवरून रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्यांचे तर व्यायामाचेही वेळापत्रक आठवड्याला बदलते. हा आठवडा सकाळी जिम, पुढचा आठवडा संध्याकाळी.

अशा माणसाने डोस जिमला बांधला तर तो चुकणारच. ज्या दिवशी जिम चुकली, त्या दिवशी पावडरही चुकली. महिन्यात दहा दिवस असे गेले की टाकी पूर्ण भरतच नाही. म्हणून डोस रोज होणाऱ्या गोष्टीला बांधा. शिफ्ट कुठलीही असो, दिवसातून एकदा तरी पोटभर जेवण होतेच. त्या जेवणाबरोबर घ्या. जेवणातल्या भातामुळे इन्सुलिन वाढते आणि त्याने क्रिएटिन स्नायूत जायला थोडी मदत होते, हे १९९६ मध्ये झालेल्या प्रयोगांतून दिसले आहे. त्या प्रयोगात बरीच साखर दिली होती, तेवढी कोणी पिऊ नये. आपल्याकडे ताटात भात असतोच, तेवढा पुरे. शिवाय जेवणाबरोबर घेतले की पोटात गडबड कमी होते.

रोज एकाच वेळी व्यायाम करणाऱ्यांनी आपल्या सोयीने आधी किंवा नंतर घ्यावे. उपवासाच्या दिवशी उपवास सोडताना घ्यावे. चहाबद्दलही खूप विचारतात. १९९६ च्या एका बेल्जियन अभ्यासात कॅफिनच्या मोठ्या डोसामुळे क्रिएटिनचा फायदा कमी झालेला दिसला, पण पुढच्या अभ्यासांत चित्र एकसारखे नाही. सकाळच्या कपभर चहाची भीती बाळगायचे कारण नाही. मात्र व्यायामाआधी घेतात त्या कॅफिनने भरलेल्या पावडरींपासून जरा दूर राहिलेले बरे. त्या झोपही उडवतात, आणि रात्रपाळीवाल्याची झोप आधीच अर्धी झालेली असते.

‘लोडिंग’ हवेच का?

डब्यावर बऱ्याचदा लिहिलेले असते: पहिले पाच-सात दिवस रोज २० ग्रॅम, चार भागांत. याने टाकी आठवड्यात भरते, हे खरे. पण १९९६ मध्येच असेही दिसले की रोज फक्त ३ ग्रॅम घेऊन २८ दिवसांनी साठा तिथेच पोचतो. घाई नसेल तर लोडिंगची गरज नाही. एकदम १० ग्रॅम घेतले की अनेकांना जुलाब होतात किंवा पोट फुगते. त्यातून पैसेही वाचतात. २५० ग्रॅमचा डबा रोज ३ ग्रॅमने ८३ दिवस पुरतो, ५ ग्रॅमने ५० दिवस. लोडिंग केले तर पहिल्या आठवड्यातच अर्ध्याहून जास्त डबा रिकामा.

बांगडा, श्रावण आणि मासेमारी बंदी

‘आम्ही तर रोज नुस्ते खातो, आम्हाला कशाला पावडर?’ हा प्रश्न रास्त आहे. एक किलो कच्च्या मासळीत किंवा मांसात जातीप्रमाणे साधारण ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन असते. म्हणजे दीडशे ग्रॅमच्या बांगड्यातून अर्ध्या ग्रॅमच्या आसपास मिळणार, आणि शिजवताना त्यातले थोडे कमी होणार. रोजचे ३ ग्रॅम फक्त माशातून मिळवायचे तर रोज किलोच्या आसपास मासळी लागेल. घरचे बजेट कोलमडेल ते वेगळेच.

पण मासे खाणाऱ्याची टाकी मुळातच बऱ्यापैकी भरलेली असते, हे खरे. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा कमी असतो, त्यामुळे पावडरचा परिणाम त्याच्यात जास्त दिसतो. एकाच जिममधल्या दोन मित्रांपैकी एकाला महिन्याभरात फरक जाणवतो आणि दुसऱ्याला काहीच नाही, त्याचे हे एक मोठे कारण.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी. मासळी महागते, कमी येते. त्यापाठोपाठ श्रावण, आणि चवथ होईपर्यंत बऱ्याच घरांत मासे बंद. म्हणजे वर्षातले अडीच-तीन महिने मासे खाणारा माणूसही जवळपास शाकाहारी असतो. पावडर घेणाऱ्याने निदान याच काळात तरी खंड पाडू नये.

आईची भीती: किडनी

ही भीती हसण्यावारी नेऊ नये. दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्याच्या काही भागात किडनीच्या आजाराचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहे. गोमेकॉत डायलिसिससाठी जाणारे कोणी ना कोणी प्रत्येकाच्या ओळखीत असते. सिंधुदुर्गातूनही लोक बांबोळीलाच जातात. तेव्हा आई बोलणारच.

संशोधन काय सांगते? निरोगी किडनी असलेल्या माणसाने नेहमीच्या डोसात क्रिएटिन घेतल्याने किडनी खराब झाल्याचे आढळलेले नाही. आंतरराष्ट्रीय क्रीडा पोषण संस्थेने २०१७ मध्ये सगळे अभ्यास तपासून हेच सांगितले.

गोंधळ होतो तो रक्ताच्या रिपोर्टमुळे. क्रिएटिन आणि क्रिएटिनिन, नावे जुळी पण गोष्टी वेगळ्या. क्रिएटिन खर्च झाले की त्याचे क्रिएटिनिन होते आणि ते लघवीवाटे बाहेर जाते. किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात क्रिएटिनिन वाढते, म्हणून डॉक्टर ती तपासणी करतात. पण क्रिएटिनची पावडर घेणाऱ्याच्या आणि भरपूर स्नायू असलेल्याच्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच जास्त तयार होते. पुरुषांमध्ये साधारण ०.७ ते १.३ ही नेहमीची मर्यादा मानतात. एखाद्याचे १.४ आले की रिपोर्टवर ठळक अक्षरे येतात आणि घरात रडारड सुरू होते. किडनी मात्र ठणठणीत असू शकते.

हे उलटेही होऊ शकते, आणि ते जास्त धोक्याचे. खरोखर बिघाड असलेला मुलगा ‘पावडरमुळे वाढले असेल’ म्हणून रिपोर्ट गुंडाळून ठेवतो. म्हणून दोन गोष्टी पाळा. पहिली, सुरू करण्यापूर्वी एकदा रक्त आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या, म्हणजे आपला मूळ आकडा कळेल. दुसरी, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की पावडर घेता हे सांगा. शंका असली तर डॉक्टर काही आठवडे पावडर बंद करून परत तपासतात किंवा ‘सिस्टॅटिन सी’ ही दुसरी तपासणी करायला सांगतात. तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही.

ज्यांना आधीच किडनीचा त्रास आहे, घरात आनुवंशिक किडनीचा आजार आहे, रक्तदाब किंवा मधुमेह आहे, अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये. १८ वर्षांखालच्या मुलांचेही तेच. त्यांना अजून पेज, अंडी, उसळ, मासे आणि झोप यांतूनच खूप मिळवायचे आहे.

पावसाळ्यातला ताप

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण निघतात. शेतात, चिखलात काम करणाऱ्यांना त्याचा धोका जास्त, आणि हा आजार थेट किडनीवर जातो. ताप आला, अंग ठणकू लागले, की क्रिएटिन बंद करा, स्वतःच्या मनाने दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका आणि सामाजिक आरोग्य केंद्रात दाखवा. उलट्या-जुलाब होत असतील तेव्हाही तेच. आठवडाभर बंद ठेवल्याने टाकी रिकामी होत नाही, हे वर बघितलेच.

एरवी पाण्याचे काय? क्रिएटिनने स्नायू आखडतात ही तक्रार ऐकू येते, पण अभ्यासांत तसे आढळले नाही. तरीही एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात, पत्र्याखालच्या जिममध्ये, शर्ट पिळून काढण्याइतका घाम जातो. पाणी, सोलकढी, ताक, पेज हे हवेच. ते क्रिएटिन न घेणाऱ्यालाही हवे.

भरतीची तयारी करणाऱ्यांनो, थांबा

आपल्या भागातले बरेच तरुण पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी घाम गाळतात. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. १०० मीटर आणि गोळाफेकीला क्रिएटिनची मदत होऊ शकते. १६०० मीटरला नाही. उलट सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायूंत पाणी धरल्याने वजन एक-दोन किलो वाढू शकते आणि ते ओझे घेऊनच धावावे लागते. तेव्हा शारीरिक चाचणीच्या दोन आठवडे आधी कोणाचे तरी ऐकून पहिल्यांदा पावडर सुरू करू नका. वजनी गटात खेळणाऱ्या कुस्तीगीर, वेटलिफ्टर, बॉक्सरनीही हे ध्यानात ठेवावे.

याच पाण्यामुळे आणखी एक फसगत होते. ‘आठवड्यात दोन किलो मसल आले’ म्हणून फोटो टाकले जातात. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात ५४ जणांवर अभ्यास झाला. क्रिएटिन घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन पहिल्या आठवड्यात न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे अर्धा किलो जास्त वाढले. पुढचे बारा आठवडे दोघांनीही सारखाच व्यायाम केला आणि दोघांचेही साधारण दोन-दोन किलोच वाढले. आधीच्या अनेक अभ्यासांत क्रिएटिनवाल्यांचा फायदा जास्त दिसला होता. पण या अभ्यासाने एक गोष्ट दाखवली: मोठे काम व्यायामानेच केले, दोन्ही गटांत.

केस गळण्याचेही विचारतात. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या २० रग्बी खेळाडूंच्या रक्तात एक हार्मोन वाढलेला दिसला, तिथून ही चर्चा सुरू झाली. त्यांचे केस कोणी मोजलेच नव्हते. मुलींसाठी वेगळे काही नाही: डोस तोच, नियम तेच. त्याने दाढी-मिशा येत नाहीत आणि शरीर ‘पुरुषी’ होत नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

डबा घेताना

साधे ‘क्रिएटिन मोनोहायड्रेट’ घ्या. सगळ्यात जास्त संशोधन त्याच्यावर झाले आहे आणि तेच सगळ्यात स्वस्त. महागडे नवे प्रकार त्याहून चांगले असल्याचे सिद्ध झालेले नाही. डब्यात दुसरे काही मिसळलेले नको.

लेबलवर १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख बघा. तो क्रमांक एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पक्के बिल घ्या. सील तुटलेले, सुट्या पिशवीतले, ‘मित्राने दिले’ असले काही नको. शंका आली तर गोव्यात किंवा महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. बिल असेल तरच तक्रारीला धार येते.

खेळाडूंनी जास्त सावध राहावे. क्रिएटिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाही. पण भेसळ असलेल्या डब्यातून बंदी असलेले औषध पोटात गेले आणि नाडाच्या चाचणीत सापडले, तर ‘मला माहीत नव्हते’ म्हणून सुटका होत नाही. जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

आणि आपल्या हवेचे एक. जून ते सप्टेंबर डबा उघडा राहिला की पावडरीची ढेकळे होतात. ढेकूळ झाले म्हणजे खराब झाले असे नाही, पण झाकण घट्ट लावा आणि चमचा कोरडा ठेवा. कोमट पाण्यात पावडर चांगली विरघळते. घोळली की पिऊन टाका. पाण्यात पडून राहिलेल्या क्रिएटिनचे हळूहळू क्रिएटिनिन होते, म्हणून आठवड्याभराचे घोळून फ्रिजमध्ये ठेवायचा उद्योग नको. डब्यातला चमचा किती ग्रॅमचा आहे तेही लेबलवर वाचा. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

शेवटी

आता त्या मुलाकडे परत जाऊ, जो बाटली हातात धरून घड्याळ बघतोय. आधी प्यायला तरी चालेल, नंतर प्यायला तरी चालेल, घरी जाऊन जेवणाबरोबर घेतली तर आणखी सोपे. आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम, हळूहळू वाढवलेले वजन, ताटात डाळ, उसळ, अंडी, मासे आणि सात-आठ तासांची झोप, हे आधी जमवावे. ते जमले असेल तर ३ ग्रॅम पावडरीचा थोडा फायदा होईल. ते जमत नसेल तर पावडरीचे पैसे अंडी आणि बांगड्यांवर घालवलेले बरे, आणि त्याला आईची हरकत नसेल.